पिंप खिळ्यावर नाही

नऊ डिसेंबर. पोलादी टेप पुसायला बसले आहे. पन्नास मीटरची टेप आहे. ती पूर्ण बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा आणि पीळ न पडू देता परत गुंडाळायची. माझ्या फ्लेक्सच्या दुकानात ती सरळ पसरायला जागा नाही. म्हणून काउंटरवरून, रोलांवरून, खुर्चीच्या पाठीवरून फिरवून आणली आहे. सकाळपासून दोन गिऱ्हाइकं तिच्यात अडकली. एक वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी आलं होतं, दुसरं दशक्रियेच्या. मी दोघांना सांगितलं की उद्या रस्ता मोजायचा आहे. दोघांचे चेहरे एकसारखे पडले. "रुंदीकरण हाय का ताई? आमची जागा जातीय का?"

"कुणाची जागा जात नाही. पळायच्या शर्यतीसाठी मोजायचाय."

"मंग मोजायचा कशाला? पळनारा पळंल की."

अगदी हेच मी सरांना सहा वर्षांपूर्वी म्हणाले होते. तेव्हाच गप्प बसले असते, तर आज हे तेलकट फडकं माझ्या हातात नसतं.

टेप सरांची. ते एप्रिलमध्ये गेले. त्यांची मुलगी नाशिकहून आली, घर आवरलं, आणि टेप, सायकल, खिळ्यांचा डबा माझ्या दुकानात आणून ठेवला. "तुमच्याकडेच असू द्या, आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही," म्हणाली. यात वारसा वगैरे काही नाही.

सर निवृत्त गणित शिक्षक आणि माझ्या गाळ्याचे मालक. गाळा भाड्यानं घेतला त्याच दिवशी त्यांनी माझी पाटी मोजली. ती शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटं जात होती. शेजाऱ्याची तक्रार नव्हती, त्याला पत्ताही नव्हता. तरी पाटी कापावी लागली. नंतर ते रोज सकाळी फिरून येताना दुकानात टेकायचे आणि तयार फ्लेक्सला टेप लावायचे. "बाई, पावतीवर दहा बाय चार लिहिलंय. हे नऊ फूट अकरा इंच भरतं." मी सांगायची की कडा दुमडल्यावर तेवढंच भरणार. ते म्हणायचे, "मग दुमडायला जास्तीची पट्टी सोडा. गिऱ्हाइकानं दहा फूट मागितलेत, दुमडण्याआधीचे की नंतरचे हे त्याला कळत नाही म्हणून तुम्ही तुमच्या सोयीचे धरलेत." त्या दिवसापासून मी पट्टी सोडते. माल जास्त जातो. गिऱ्हाइकाला आजही फरक कळलेला नाही.

त्यांच्यासमोर अंतराचा आकडा उच्चारणं धोक्याचं होतं. कुणी म्हणालं, "स्टँड इथून दोन किलोमीटर आहे," की सर लगेच विचारायचे, "कुठून कुठपर्यंत?" स्टँडच्या फाटकापर्यंत की फलाटापर्यंत? दुकानाच्या पायरीपासून की रस्त्यापासून? डॉक्टरांनी त्यांना रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. त्यांना छातीत दुखत होतं, चेहरा पांढरा पडला होता, तरी खाटेवरून उठून बसत विचारलं, "कुठून कुठपर्यंत?" डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "घरापासून धरा." पुढचा प्रश्न दाराचा की फाटकाचा, हे मला माहीत होतं. मी सरांना हाताला धरून बाहेर आणलं.

तालुक्याच्या शर्यतीच्या समितीत मी शिरले ते फ्लेक्स छापून देण्यापुरती. बाकीचे सभासद उद्घाटनाला येतात आणि फोटोत मावतात. त्यामुळे परवानग्या, पाण्याची टेबलं, रुग्णवाहिका असं सगळं हळूहळू माझ्याकडे आलं आणि मोजणीही आली. मला वाटायचं, रस्ता मोजायचा म्हणजे स्कूटीचा काटा बघायचा. सरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

त्यांची पद्धत अशी. सायकलच्या पुढच्या चाकाला आकडे सरकणारा एक छोटा डबा बसवलेला. चाक फिरेल तसे आकडे पुढे जातात. पण किलोमीटरला किती आकडे पडतात, हे आधी ठरवायला हवं. म्हणून कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर टेपनं तीनशे मीटर मोजायचे, दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे आणि तेवढ्या तुकड्यावरून चार वेळा सायकल न्यायची. मग शर्यतीचा रस्ता मोजायचा. मग पुन्हा कारखान्यामागं येऊन तेच चार वेळा, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते आणि आकडे बदलतात. टेपही उन्हात लांबते, म्हणून सर तिच्याशेजारी रस्त्यावर थर्मामीटर ठेवायचे. "रस्त्याला ताप आलाय का, मास्तर?" हा विनोद त्या सकाळी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकानं स्वतःचा म्हणून केला.

दिवस ठरवणं हा वेगळाच छळ. शनिवारी रस्ता शिंगणापूरच्या गाड्यांनी भरलेला. सोमवारी आमचा बाजार. रविवारी रस्ता मोकळा आणि पोलीसही मोकळे, पण रविवारी सकाळी सर चर्चमध्ये प्रार्थनेला. "एका रविवारी चुकली प्रार्थना तर काय होईल?" मी विचारलं. ते म्हणाले, "काही होणार नाही. पण चुकणार नाही." मग आमची मोजणी भर गळिताच्या हंगामात, मंगळवारी, उसाच्या ट्रॅक्टरांमधून.

आणि सर कडेनं सायकल चालवत नसत. धावणारा जवळात जवळच्या वाटेनं पळतो, म्हणून मोजायचीही तीच वाट. वळणावर आतल्या कडेपासून एक फूट सोडून जायचं आणि पुढचं वळण उलट बाजूला असेल तर रस्ता तिरका कापत सरळ रेषेत तिकडे. सत्तरीचा माणूस टोपी घालून, मान खाली, चाकाकडे बघत, डावीकडून उजवीकडे चाललाय. मागं मी स्कूटीवर, हातात लाल फ्लेक्सचा तुकडा. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर.

"ओ मास्तर! सकाळी सकाळी घेतली का?" ड्रायव्हर ओरडला.

"घेतली नाही, मोजतायत!" मी ओरडले.

"काय?"

"रस्ता!"

"मंग रस्त्याच्या कडंनं मोजा की! मधून काय मोजताय?"

सरांनी मान वर केली नाही. ट्रॅक्टर थांबला, मागं पाच थांबले. मी फ्लेक्स हलवत राहिले आणि मनातल्या मनात गाळा बदलायचं ठरवलं.

एवढं मोजून झालं की सर हजारात एक मीटर जास्तीचा टाकायचे. दहा किलोमीटरला दहा मीटर. मी म्हणाले, "एवढं जिवावर उदार होऊन मोजलं, आता वर दहा मीटर कशाला?" ते म्हणाले, "दुमडायची पट्टी. माझ्या हातून कुठं चूक झाली असेल, ती त्या पट्टीत जाते. रस्ता एक वेळ जास्त भरला तर चालतो, कमी भरून चालत नाही." पुढं प्रत्येक वर्षी शर्यत संपली की घड्याळवाली मंडळी त्यांच्याभोवती जमायची. "सर, माझ्या घड्याळात दहा पूर्णांक दोन आलंय." सर विचारायचे, "रस्ता सोडून पाणी प्यायला किती वेळा गेलात?" नाहीतर म्हणायचे, "सरळ पळा, म्हणजे घड्याळ सुधारेल." पुढच्या वर्षी माणसं कमी का आली, हे समिती मला विचारायची.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते.

अकोले तालुक्यातल्या डोंगरातली एक मुलगी आमच्या इथल्या वसतिगृहात राहून पळत होती. वडील जीप चालवतात. पुण्याला एक सरावशिबिर असतं. राहणं, खाणं, प्रशिक्षक सगळं त्यांचं. अट एवढीच की प्रमाणित रस्त्यावर ठरलेल्या वेळेच्या आत दहा किलोमीटर पळून दाखवायचं आणि महिनाअखेरपर्यंत कागद पोचवायचा. घरून तिला एकच वर्ष मिळालेलं होतं. नाही जमलं तर परत गावी, भाताच्या खाचरात. जिल्ह्यात असा मोजलेला रस्ता मला माहीत होता तो आमचा एकच.

शर्यतीची आखणी सोपी होती. शाळेच्या फाटकातून निघायचं, नदीकडच्या एका गावात पिंपाला वळसा घालून परत फाटकात यायचं. पिंप जिथं ठेवायचं, तिथं रस्त्यात सरांनी खिळा ठोकला होता. खिळा ठोकायच्या दिवशी आम्ही हातोडी विसरलो. रस्त्यालगतच्या घरातून एक दांडगे गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी स्वतःची आणून दिली. "आमच्या दारातच वळनार व्हय मास्तर? मंग मी बाज टाकून बसतो." सरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं की दारात नाही, दारापासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर. गृहस्थ खूश. "असंना का! ढोल आनताय ना पन?"

शर्यतीच्या दिवशी ती मुलगी फाटकातून आत आली तेव्हा ठरलेल्या वेळेला अकरा सेकंद बाकी होते. शाळेच्या मैदानावर एकच ओरडा झाला. तिचे वडील जीपच्या टपावर चढले होते, ते तिथंच खाली बसले. मी हार घेऊन पुढं झाले आणि माझा मोबाईल वाजला. सर शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून सायकलनं सगळा रस्ता तपासत जायचे, दरवर्षी.

"बाई, पिंप खिळ्यावर नाही."

"म्हणजे?"

"अठरा मीटर अलीकडे आहे. जाऊन-येऊन छत्तीस मीटर रस्ता कमी पळालेत सगळे."

मी हार तिथल्याच एका पाहुण्याच्या गळ्यात टाकला आणि स्कूटी काढली.

गावात पोचले तर सर खिळ्यावर पाय ठेवून उभे. पलीकडे गिरणीसमोर पिंप. पाण्याच्या टेबलावरच्या मावशी पेले गोळा करत होत्या.

"पिंप कुणी हलवलं, मावशी?"

"आमी हलवलं," त्या म्हणाल्या. चोरी पकडल्यासारखं काही नाही, सरळ. "त्या घरातला कर्ता मानूस परवा गेला, ताई. बाज टाकून बसनार म्हनत हुता. आता त्याच्या दारात ढोल बडवायचा व्हय? म्हनलं गिरनीपाशी वळतील."

"मला एक फोन करायचा ना!"

"त्यात फोन काय करायचा? कुनीबी हेच केलं असतं."

सरांनी टोपी काढली. त्या घराकडे बघितलं. दार उघडं होतं, ओट्यावर माणसं बसली होती. सर मावशींना म्हणाले, "बरोबर केलंत तुम्ही." आणि टोपी घालता घालता मला म्हणाले, "वेळा रद्द."

एका दमात.

दुपारी दुकानात मुलगी, तिचे वडील, मी आणि सर. मी हिशेब मांडला. ती ज्या वेगानं पळाली त्या वेगानं छत्तीस मीटरला आठ सेकंद लागतात. अकरा सेकंद हातात होते. आठ गेले तरी तीन उरतात. शाळेतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी आहे.

"वजाबाकी बरोबर आहे," सर म्हणाले.

"मग सही करा."

"न पळालेल्या छत्तीस मीटरची वेळ मी कुठून आणू?"

"तुमची दहा मीटरची पट्टी आहे ना वर? ती तरी धरा."

"फ्लेक्स कमी पडला म्हणून दुमडलेली पट्टी उसवून देता का तुम्ही गिऱ्हाइकाला?"

"सर, कुणाला कळणार नाहीये!"

"मला कळलंय ना."

तिचे वडील हात जोडून उभे राहिले. "मास्तर, पोरीनं काय चुकी केली? ती जिथं पिंप हुतं तिथं वळली."

"तिची काही चूक नाही. मावशींचीही नाही. गेलेल्या माणसाची तर नाहीच," सर म्हणाले. "पण रस्ता दहा किलोमीटर नव्हता."

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यात पाटी, फ्लेक्स, ट्रॅक्टर, थर्मामीटर, सगळं आलं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा बोलली.

"सर, मी परत पळाले तर चालंल का?"

"कधी?"

"उद्या बी पळंन."

सर माझ्याकडे बघायला लागले. मुलगी आणि तिचे वडीलही बघायला लागले. शर्यत पुन्हा भरवायची म्हणजे काय करावं लागतं, हे त्या दुकानात फक्त मलाच माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात फक्त मुलींची शर्यत ठेवली. ठाण्यात अर्ज घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, झाली ना परवा शर्यत?"

"झाली. पण कमी झाली."

"लोक कमी आले?"

"रस्ता कमी आला."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.

राहता राहिला खिळा. त्या घरचा तेरावा अजून व्हायचा होता. मला वाटलं, आता सर म्हणणार की पिंप खिळ्यावरच पाहिजे, आणि मला त्या ओट्यावर जाऊन हात जोडावे लागणार. सर म्हणाले, "पिंप गिरणीपाशीच राहील. लोकांनी ठेवलंय तिथं. आपण सुरुवात मागं नेऊ." हा तोच माणूस, ज्यानं मंत्र्यांच्या मंडपासाठी सुरुवातीची रेघ हातभरही सरकवली नव्हती, मंडपच उचलायला लावला होता. त्यांनी टेप काढली, थर्मामीटर ठेवला, आणि फाटकापासून रस्त्यानं उलट दिशेला छत्तीस मीटरवर, रसवंतीच्या दारात, नवी रेघ मारली. रसवंतीवाल्यानं कुरकुर केली. त्याला सर म्हणाले, "तुमच्या घरात कुणी गेलंय का?" त्यानं बाकडं आत ओढून घेतलं. "ढोल मात्र नको," ते मला म्हणाले. "गिरणी काही लांब नाही त्या घरापासून."

मुलगी पळाली. या वेळी पाच सेकंद आत. तिच्या वडिलांनी पेढ्यांचा मोठा पुडा आणला होता, तो सरांनी उघडू दिला नाही. "आधी बघून येतो," म्हणाले, आणि सायकलवर बसून निघून गेले. आम्ही सगळे, आमदारांचे प्रतिनिधी धरून, शाळेच्या पायऱ्यांवर बंद पुडा मधोमध ठेवून बसून राहिलो. ऊन चढलं. पेढ्यांना तूप सुटायला लागलं. मुलगी भिंतीला टेकून झोपून गेली. दुपारी सर आले, सायकल नीट स्टँडवर लावली, घाम पुसला.

"पिंप खिळ्यावर आहे," ते म्हणाले. गिरणीसमोरही त्यांनी एक खिळा ठोकून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी सही केली आणि लागोपाठ तीन पेढे खाल्ले. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं होतं.

मुलगी पुण्याला आहे. बरी पळते. फोन करते तेव्हा आधी विचारते, "ताई, यंदा कोन मोजतंय?"

यंदा मी मोजते आहे. दिवाळीनंतर त्या रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि दोन्ही खिळे खाली गेले. समितीत एक जण म्हणाला, "मोबाईलवर मोजा की ताई, दहा किलोमीटर तर आहे." माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठून कुठपर्यंत?" सगळे हसले. मी सरांच्या नावानं बोटं मोडली आणि टेप घरी न्यायच्या पिशवीत टाकली.

दहा डिसेंबर. सकाळी मी कारखान्यामागच्या रस्त्यावर गेले नाही. आधी नदीकडच्या त्या गावात गेले. रस्त्यालगतच्या प्रत्येक घरात विचारलं की येत्या महिन्यात कुणाकडे काही कार्य आहे का, कुणी आजारी आहे का, कुणी गेलं आहे का. लोकांना मी जनगणनेची बाई वाटले. शेवटी त्या घरापाशी आले. घरधनीण ओट्यावर लसूण सोलत होती.

"आमच्याकडं आता काय न्हाई," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. यंदा दारात वळवा, ताई. ढोल आना. त्यांना बघायचं हुतं."

सर सुरुवातीकडून मोजत यायचे आणि वळण जिथं पडेल तिथं खिळा ठोकायचे. मी म्हणाले, "चालेल. मग इथूनच मोजायला घेते." सुरुवात पडू दे कुठं पडायची ती. रसवंतीत पडली तर रसवंतीत.

पिशवी उघडली. टेप होती, खडू होता, खिळ्यांचा डबा होता. हातोडी नव्हती.

ती उठली, आत गेली आणि घेऊन आली.